पॅडलबोर्ड शर्यतीला स्वयंसेवक म्हणून जातेय: किनाऱ्यावर नेमकं काय करायचं असतं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. इथे आजवर फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांनी समुद्रात स्टँड अप पॅडलबोर्डची शर्यत आहे. माझी मैत्रीण उतरणार आहे. मी सोबत जाणारच होते, तर म्हणाली, नुसती वाळूत बसून काय करशील, स्वयंसेवकांत नाव दे. दिलं. मग फॉर्म आला आणि माझी पाचावर धारण बसली. "नोंदणी, वेळनोंद, बोया, सुरक्षा होडी, किनारा यांपैकी प्राधान्यक्रम द्या." यातली निम्मी कामं म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही, प्राधान्य कसलं देणार!

माझी पात्रता अशी: तलावात नीट पोहते, समुद्रात कमरेच्या पुढे कधी गेले नाही. पॅडलबोर्डवर दोनदा उभी राहिलेय, त्यातलं एकदा तर जेमतेम फोटोपुरतं. आवाज खणखणीत आहे आणि अक्षर चांगलं आहे. एवढ्या भांडवलावर कुठलं काम मागावं? आणि आपण मदतीला म्हणून जायचं आणि त्यांनाच आपल्याला सांभाळावं लागायचं, असं तर होणार नाही ना?

पुळण

स्वागत. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, स्वतःची पाण्याची बाटली, शिट्टी, आणि वाळूत चालतील अशा मागे पट्टा असलेल्या चपला. बाकीचं तिथे मिळतं. शिट्टी दोरीत ओवून गळ्यात घाला. खिशातली शिट्टी ऐन वेळी सापडत नाही.

अक्षर चांगलं आहे हे वाक्य आयोजकांना सांगू नका, दिवसभर टेबलाला बांधून ठेवतील.

दीपमाळ

मला आधी हे सांगा, हे सूप की सप? पोरगा 'सूप रेस' म्हणतो, मला पाखडायचं सूपच दिसतं डोळ्यांसमोर.

फळीबहाद्दर

@दीपमाळ, उच्चार 'सप', स्टँड अप पॅडलची इंग्रजी आद्याक्षरं (SUP). पण तुमचं सूप जास्त आवडलं. सुपातले हसतात म्हणे, त्यांना एकदा बोयाला, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेला, वळताना बघा.

थोडक्यात इतिहास: हवाईत वायकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे लोक गेल्या शतकाच्या मध्याला बोर्डवर उभं राहून वल्हं मारायचे, म्हणजे शिकणाऱ्यांवर नजर राहते आणि फोटोही काढता येतात. लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरांनी २००० च्या आसपास ते पुन्हा उचललं आणि मग शर्यती आल्या. कॅलिफोर्नियातल्या डोहेनी किनाऱ्यावर २००८ मध्ये 'बॅटल ऑफ द पॅडल' झाली, तिने किनाऱ्यावरून सुटणारी, लाटेतून आत जाणारी आणि पुन्हा किनाऱ्यावर धावत येऊन संपणारी शर्यत लोकप्रिय केली. स्वयंसेवकांची सगळी धावपळ या रचनेमुळेच आहे. तळ्यातल्या सरळ शर्यतीत निम्मी माणसं पुरतात.

शर्यतीचा बोर्ड बहुधा १४ फुटी, म्हणजे सव्वाचार मीटरच्या वर, आणि रुंदीला जेमतेम दोन फूट किंवा त्याहून कमी. तो वाऱ्यात उचलून चालणं ही वेगळीच कला आहे. कुणाचा बोर्ड उचलायची वेळ आली तर आधी विचारा. कार्बनचा बोर्ड हलका असतो, पण दगडावर टेकवला की टवका गेलाच. हवेचे बोर्ड तर तापलेल्या वाळूवर उन्हात सोडूच नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण उकलते. एकदा सुरुवातीच्या रेषेमागे असा धडाका झाला होता की दोघं जण शर्यत सुटली समजून पाण्यात पळाले.

ओहोटी

निळी_शाई, तुम्ही विचारलंय नेमकं काय करायचं असतं. माझ्या मते एकच काम असतं, बाकीची सगळी त्याची पोटकामं. जेवढे पाण्यात गेले तेवढे बाहेर आले का?

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका शर्यतीत मी नोंदणीच्या टेबलावर होतो. शेवटचा स्पर्धक आला, टाळ्या झाल्या, होड्या परत यायला निघाल्या आणि कागदावर एक नंबर उघडा. ना परतल्याची खूण, ना सोडून दिल्याची. फोन लावला, वाजतोय पण उचलत नाही. घरचा म्हणून दिलेला नंबरही त्याचाच. मग होड्या परत फिरवल्या, जेट स्की मागच्या खडकांपर्यंत गेली, जीवरक्षक दुर्बिणी घेऊन मनोऱ्यावर. तास-पाऊण तास माझ्या पोटात जो गोळा होता तो आजही आठवतो. आणि हा गृहस्थ? मध्येच पाठ धरली म्हणून किलोमीटरभर पलीकडे किनाऱ्याला लागला, बोर्ड गाडीला बांधला आणि घरी जाऊन झोपला. मनाने वाईट नव्हता. शर्यत सोडली म्हणजे आपला संबंध संपला असं त्याला वाटलं, एवढंच.

चूक आमची होती. सुरुवातीच्या सूचनांत आम्ही बोया कुठून वळायचे हे पंधरा मिनिटं सांगितलं आणि 'सोडलीत तरी टेबलावर येऊन सांगा' हे एकदा, तेही माइक बंद पडता पडता.

तेव्हापासून आम्ही बिल्ले वापरतो. एक फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. पाण्यात जाताना स्पर्धक आपला बिल्ला आमच्या हातात देतो, आम्ही खिळ्याला अडकवतो. बाहेर आल्यावर त्याने स्वतः येऊन काढून न्यायचा. मित्राने नाही, बायकोने नाही, स्वतः. फळीवर जे लटकतंय ते पाण्यात आहे. कागदावरची नोंद वेगळी चालूच असते.

टेबल मागा. अक्षर सत्कारणी लागेल.

निळी_शाई

बाप रे. वाचून गोळा माझ्याही पोटात आला. पण काम कळलं. मैत्रिणीला लगेच विचारलं की घरचा नंबर म्हणून कुणाचा दिलायस. तिने माझा दिलाय. मी तर तिथेच असणार, आणि फोन पिशवीत! बदलायला लावला.

शिडाची_दोरी

मी बहुतेक वेळा सुरक्षा होडीवर असतो, तेव्हा पाण्याच्या बाजूने थोडं. लांबेल, पण किनाऱ्यावरच्यांनाही हे कळलेलं बरं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? परीक्षेनंतर मला ते थेट होडीतच आठवले. सकाळी जमीन गार असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. किनाऱ्यावर उभं राहून बघाल तर पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. नवख्यांना वाटतं, वा, काय दिवस मिळालाय! तोच खरा घातकी दिवस. किनाऱ्याच्या आडोशाला वारा लागत नाही, पाचशे मीटर आत गेलं की पाठीत बसतो आणि बाहेर ढकलायला लागतो. उभा माणूस म्हणजे शीडच. जाताना आपण फार जोरात वल्हवतोय असं वाटतं, वळून परत यायला लागलं की हिशेब कळतो. समोरून १५ नॉटचा वारा म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. दमलेल्या माणसाला त्यात उभं राहून पुढे सरकणं जड जातं. मग गुडघ्यावर यायचं, तेही जमेना तर पालथं झोपून हातांनी पाणी कापायचं. लाटा दिसत नाहीत म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने निर्धास्त होऊ नये. झेंडा कुठल्या दिशेला फडकतोय ते दर दहा मिनिटांनी बघा. दिशा बदलली तर मोठ्याने सांगा, मूर्ख दिसण्याची भीती न बाळगता.

दुपारकडे खारा वारा सुटतो, समुद्राकडून जमिनीकडे. त्यात माणूस निदान किनाऱ्याला लागतो, पण लाट काठावर आपटून फुटते आणि बोर्ड आडवा होऊन पायांवर येतो. किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांना जास्तीत जास्त इजा इथेच होते. कायम लक्षात ठेवा: लाट आणि तुम्ही यांच्या मध्ये बोर्ड येता कामा नये. बोर्ड पकडायचा तर बाजूने किंवा समुद्राच्या अंगाने, किनाऱ्याच्या अंगाने कधीच नाही. शंका आली तर सोडून द्या, बोर्ड दुरुस्त होतो.

भरती-ओहोटीचं गणित: दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी. अंदाजाचं गणित आहे, पण टेबल कुठे मांडायचं ते ठरवायला पुरतं. उधाणाच्या दिवशी, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हे फार जाणवतं. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तितकं नाही. मी वेळनोंदीचं टेबल तरंगताना पाहिलंय. कागद सुकवायला टाकले होते दोरीवर.

बोयासुद्धा जागचे हलतात. नांगराची दोरी खोलीच्या तिप्पट तरी सोडावी लागते, नाहीतर लाटेबरोबर नांगर उचलला जातो. पण मग ओहोटीला तीच दोरी सैल होऊन वर तरंगते आणि वळणाऱ्याच्या फिनमध्ये (बोर्डखालच्या पात्यात) अडकते. म्हणून दोरीला बोयाच्या थोडं खाली एक वजन बांधतात. बोयावर बसवलेल्या स्वयंसेवकाला हे माहीत असेल तर 'अमुक इथेच का अडखळतायत' हे त्याला कळेल.

आणि गडगडाट ऐकू आला की शर्यत थांबली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी पाण्यात नाही. यावर चर्चा नाही.

मी_आळशी

वाचनखूण साठवली.

तिरकस

एक बोचरा प्रश्न. स्पर्धकांकडून फी घ्यायची, प्रायोजकांचे फलक लावायचे, आणि माणसं मात्र फुकट राबवायची, वर टी-शर्ट दिला की उपकार. याला सेवा का म्हणायचं?

ओहोटी

@तिरकस, प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की जीव वाचवायची जबाबदारी फुकट्या माणसावर टाकणारी शर्यत मी टाळतो. होडी चालवणारे, जीवरक्षक, प्रथमोपचारवाले हे शिकलेले आणि नेमलेले हवेत. मोजायचं, सांगायचं, झेंडा हलवायचं काम आपण हौसेने करू. आणि आयोजकांना लेखी विचारा की स्वयंसेवकांचा विमा आहे का, किती तासांनी बदली माणूस मिळेल, सावली आहे का. उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जायचं नाही.

तिरकस

हे पटलं. (क्वचितच होतं.)

वळणावरची_सई

मी स्पर्धक आहे, तीन वेळा स्वयंसेवकही होते. बोयावर बसायला मिळालं तर सोडू नका, शर्यत तिथेच दिसते. वळण्यासाठी पाय मागे सरकवून बोर्डच्या शेपटावर जायचं, पुढचं टोक हवेत उचलायचं आणि गर्रकन फिरवायचं. जमलं तर नाच, नाही जमलं तर धबाक. त्यात पाच-सहा जण एकदम आले की एकाचं वल्हं दुसऱ्याच्या कानाशी.

पण तिथे बसलेल्याने काय करू नये ते सांगते. एकदा मी दुसऱ्या बोयाला पोहोचत होते आणि होडीतला भला माणूस ओरडला, "डावीकडून, डावीकडून!" मी डावीकडून गेले. त्याला म्हणायचं होतं बोया डाव्या हाताला ठेवा. परत फिरून वळावं लागलं, चार जण पुढे गेले. 'डाव्या खांद्याला बोया' किंवा 'उजव्या खांद्याला बोया' असंच म्हणा. आणि शंभर टक्के खात्री नसेल तर नुसता हात दाखवा, बोलू नका.

कुणी बोया चुकवला तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा, भांडू नका. निकाल पंच देतात. बहुतेक नियमांत गुडघ्यावर सलग पाचांपेक्षा जास्त वल्ही मारता येत नाहीत, तेही नुसतं नोंदवायचं. नियम मात्र त्या त्या शर्यतीचे वाचून जा. हा खेळ कुणाचा यावरून सर्फिंगची आणि कनूची आंतरराष्ट्रीय संघटना क्रीडा लवादापर्यंत गेल्या होत्या. २०२० मध्ये ऑलिंपिकपुरता कारभार सर्फिंगवाल्यांकडे आला, पण स्पर्धा दोघंही भरवतात. नियमांची पुस्तकं दोन, त्यात आयोजकांची स्वतःची कलमं. गेल्या वर्षीचं डोक्यात ठेवून गेलात तर फसाल.

भरकटलेला_नांगर

पण कुणी गुडघ्यावर आलाय, दमलाय, हे दिसत असताना नुसतं लिहीत बसायचं? मी तर सरळ सांगतो, बाबा रे, सोड आता.

वळणावरची_सई

नाही हो, तसं नाही. गुडघ्यावर येणं म्हणजे बुडणं नव्हे, वाऱ्यात ते शहाणपण आहे. आणि 'सोड' असं परक्याने म्हटलं की माणूस हट्टाने उभा राहतो. मी तरी राहिले असते. विचारायचं, "ठीक आहे का?" ठरलेली खूण परत आली, बहुतेक ठिकाणी डोक्यावर हात थोपटायचा, की पुढे. खूण आली नाही किंवा उशिरा आली तर होडीला कळवा. तो वल्हं किंवा हात डोक्यावर आडवे हलवत असेल तर विचारायचंही नाही, थेट होडी.

शिडाची_दोरी

नांगरराव, सईंचं बरोबर आहे, पण तुमच्या मनातलंही मी समजू शकतो. माझी खूणगाठ वेगळी आहे. माणूस पडतो, चढतो, पडतो, चढतो. चढायला लागणारा वेळ वाढत चालला की मी होडी जवळ नेऊन ठेवतो. बोलत काहीच नाही, फक्त दिसेन एवढा जवळ जातो. निम्मे लोक आपणहून हात करतात.

पोहणारा_पांडू

एक शंका. ज्याला उत्तम पोहता येतं त्याला लीशची, म्हणजे बोर्डशी बांधणाऱ्या दोरीची, सक्ती कशाला? धावताना पायात अडकते, वळताना अडकते. मी वीस वर्षं समुद्रात पोहतोय.

शिडाची_दोरी

पांडूभाऊ, तुम्ही पोहाल, बोर्ड वाट बघत थांबणार नाही. वाऱ्यात रिकामा बोर्ड पोहणाऱ्याच्या हाती लागत नाही, हे मी चांगल्या चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय. आणि होडीतून पाहताना पाण्यातलं डोकं दिसत नाही, १४ फुटी बोर्ड दिसतो. लीश तुम्हाला बोर्डशी बांधते म्हणजे आमच्या नजरेशी बांधते.

प्रकार मात्र नीट बघा. सपाट पाण्यात आणि शर्यतीत गुंडाळीची लीश, ती बोर्डवर राहते, पाण्यात ओढली जात नाही. लाटांत सरळ, नाहीतर ताणलेली गुंडाळी बोर्ड परत तोंडावर फेकते. खाडीच्या तोंडाशी ओढ असेल, आजूबाजूला नांगरलेल्या होड्या किंवा दोऱ्या असतील, तर घोट्याची नको. कमरेची, झटक्यात सुटणारी. दोरीत अडकून प्रवाहाने खाली दाबला गेलेला माणूस घोट्यापर्यंत हात नेऊ शकत नाही.

सुरुवातीच्या रेषेवर स्वयंसेवकाला हेच बघायला उभं करतात. लीश नाही, तर पाणी नाही. समोर कितीही मोठा खेळाडू असो.

पोहणारा_पांडू

नजरेशी बांधते हे पटलं. बांधतो.

घड्याळ_काका

वेळनोंदीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. घोट्याला चिप असते, अंतिम रेषेवरच्या चटईवरून गेला की वेळ नोंदते. छान. पण चटईखाली वाळू सरकते, लाट येते, कुणी चिप लीशच्या पट्ट्याखाली दाबून बांधतो, कुणी चटईच्या बाजूनेच पळतो. म्हणून हाताची नोंद लागतेच.

दोन माणसं लागतात. एक फक्त बघतो आणि नंबर बोलतो, दुसरा फक्त लिहितो. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, बघणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही. घोळका आला तर वेळेच्या मागे लागू नका. नंबरांचा क्रम बरोबर हवा, वेळा नंतर जुळवता येतात. जर्सी ओली होऊन गुंडाळते, नंबर अर्धाच दिसतो, म्हणून दंडावर मार्करने लिहिलेला असतो तो वाचा. वल्हं हातात घेऊन रेषा ओलांडावी लागते. वल्हं वाळूत टाकून पळत आलेल्याला प्रेमाने परत पाठवा.

आणि शेवटून तिसरा येईल तेव्हाही तुम्ही तिथेच असा. त्याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागलेला असतो.

डॉ_लाटकर

माझ्या शाखेचं थोडं. उन्हात दमलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांत फरक एकच बघा: तो नीट बोलतोय का? आपला नंबर विचारा. अडखळला, भलतंच बोलला, चिडला, तर आधी गार करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी वैद्यकीय पथकाला हाक मारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

जेलीफिश: चोळायचं नाही. गोड्या पाण्याने धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवा. चिकटलेले धागे चिमट्याने काढा. व्हिनेगर काही जातींच्या डंखाला उपयोगी पडतं, काहींना उलट बाधतं, तेव्हा तिथल्या जीवरक्षकाला विचारल्याशिवाय नाही. आणि तो जो घरगुती उपाय सगळ्यांना माहीत असतो तो कृपया कुणी कुणावर करू नये.

फिनने कापलेलं बाहेरून लहान दिसतं, आत खोल असतं. दाबून धरा आणि पाठवा.

निळी_शाई

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. छापून घेतलंय. टेबल मागितलं आणि मिळालं. ओहोटी, तुमची बिल्ल्यांची कल्पना आयोजकांना कळवली. त्यांच्याकडे नुसता कागद होता. खिळ्यांची फळी मी करून नेतेय, १२० खिळे, बोटाला दोनच पट्ट्या.

पुळण

अंगठ्याला खिळा लागल्याशिवाय स्वयंसेवक होत नाही. लिहा परत आल्यावर.

निळी_शाई

आले परत. नाक सोललंय, घसा बसलाय, मैत्रीण तिच्या गटात अकरावी आली आणि खूश आहे.

शर्यत कशी झाली ते नंतर. आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण या धाग्यात ती नाही.

टेबलावर आम्ही दोघी. एकीकडे कागद, एकीकडे माझी फळी. सकाळी ११२ बिल्ले अडकवले. तिघं आलेच नव्हते, त्यांची नावं आधीच बाजूला काढलेली. साडेदहानंतर वारा फिरला. झेंडा बघायचं शिडाची_दोरी यांनी सांगितलं होतं म्हणून बघत होते. मोठ्याने सांगितलंही. कुणी मूर्ख म्हणालं नाही. आयोजकांनी छोटी शर्यत आवरती घ्यायला सांगितली आणि होड्या दमलेल्यांना उचलून आणायला लागल्या.

अकराच्या पुढे वॉकीटॉकीवर लांबच्या होडीचा आवाज आला, वाऱ्याच्या खरखरीत: "एक जण उचललाय, आणतोय." नंबर विचारला. सहकारिणीने ऐकून कागदावर खूण केली. थोड्या वेळाने त्याच होडीने विचारलं, "किती राहिलेत? छोट्या शर्यतीचे बोया उचलू का?" कागदावर तीन उरलेले. फळीवर बिल्ले तीन. आकडा जुळला. सहकारिणी 'हो' म्हणायला बटण दाबणार, तेवढ्यात मी उगीच, खरंच उगीच, म्हटलं, थांब, नंबर वाचून घेऊ या.

कागदावर १२, ८४, ५९. फळीवर १२, ८४, ६९.

होडीवाला म्हणाला होता एकोणसाठ. हिने ऐकलं एकोणसत्तर. एकोणसाठ आमच्या समोर टॉवेल गुंडाळून उभा होता, बिल्ला त्याने स्वतः काढून नेला होता. आणि एकोणसत्तर कागदावर घरी पोहोचलेली आणि प्रत्यक्षात दुसऱ्या बोयाच्या पलीकडे गुडघ्यांवर, समोर वारा.

होडीला सांगितलं, बोया राहू दे, आधी ती बघ. सहा, नऊ, असं एकेक आकडा सुटा. सहा मिनिटांनी उत्तर आलं: "सहा, नऊ, होडीत. ठीक आहे. थंडी वाजतेय म्हणते."

ती आली, बिल्ला काढला, आणि मला म्हणाली, "तुम्ही एवढं काय बघताय माझ्याकडे?"

ओहोटी

मी दोन वेळा वाचलं. आमच्याकडे इतकी वर्षं फक्त आकडा जुळवतात. किती गेले, किती आले. नंबर वाचून घ्यायचं कधी डोक्यात आलं नाही. पुढच्या वेळी सूचनांच्या कागदावर घालतो.

शिडाची_दोरी

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ... इंजिनच्या आवाजात हे सगळे सारखेच. मी स्वतः हजार वेळा तसंच बोललोय. यापुढे सुटे आकडे, आणि समोरच्याने परत म्हणून दाखवायचे.

दीपमाळ

सुपातली हसली म्हणायची.

घड्याळ_काका

निळी_शाई, बाकी सगळं ठीक, पण मैत्रिणीची वेळ काय ते सांगितलंच नाहीत. आणि ती फळी कुठे आहे? पुढच्या महिन्यात आम्हाला लागेल.

निळी_शाई

फळी गाडीच्या डिकीत. न्या, पण ४१ चा खिळा वाकलाय, तो ठोकून घ्या. वेळ मैत्रीण स्वतः येऊन सांगेल, तिने इथे खातं उघडलंय.